मातीला भोकं

च्यूलान रोज सकाळी शेडच्या मागच्या भिंतीवर चढायची ती रजई गुंडाळायला. निदान तिच्या नवऱ्याचा तसा समज होता.

भिंत मातीची, हातगाडी चालवता येईल इतकी रुंद. तिला टेकून दक्षिणेकडे उतरत गेलेलं प्लॅस्टिकचं कमानदार छप्पर, आणि त्या छपरावर रात्रभर पांघरलेली जाड रजई. ऊन वर आलं की मोटर चालू करून ती गुंडाळायची, दुपारी चारला पुन्हा खाली सोडायची. चीनमधल्या शानतुंगच्या या पट्ट्यात बाहेर पाण्याच्या बादलीवर बर्फ धरलेला असतो आणि आत काकडी लागते, ती अशीच. लिऊथाय गावात अशी साठेक हरितगृहं आहेत आणि सगळे त्यांना नुसतं शेड म्हणतात. साठातलं एकच च्यूलानच्या डोळ्यांत खुपायचं. अगदी लगतचं, धाकट्या जावेचं, युनश्याचं.

युनश्याने रजई किती वाजता काढली, तिच्या छपराला आतून थेंब किती धरलेत, दाराशी पाट्या किती भरल्यात, हे सगळं भिंतीवरून दिसायचं. सगळं बघून झालं की च्यूलान खाली उतरायची आणि हात गार पडले म्हणून कुरकुरायची. हात गारच असायचे. पोटात मात्र भट्टी पेटलेली असायची.

वाचकहो, हसू नका. शेजारणीच्या कुंडीत दोन फुलं जास्त आली म्हणून आपल्या कुंडीला आपण कधी टोचून बोललो नसू, तर ही गोष्ट आपल्यासाठी नाही असं समजून खुशाल पान उलटावं.

आधीची आठ वर्षं गावातली पहिली काकडी च्यूलानची असायची. टोकाला पिवळं फूल तसंच आणि अंगावरचे काटे शाबूत. बाजारात ताजी म्हणतात ती अशीच काकडी. व्यापाऱ्यांच्या गाड्या आधी तिच्या दाराशी थांबायच्या. तिचे वाफे दोरी धरून ओढल्यासारखे सरळ, वाटेवर एक काडी सापडायची नाही. लोक म्हणायचे, च्यूलानच्या शेडमध्ये जमिनीवर बसून जेवावं. हे वाक्य तिला पाठ होतं, आणि कुणी विसरलं तर ती आठवण करून द्यायची.

मग दोन वर्षांपूर्वीचा शरद आला. मक्याची कापणी झाली आणि शेतात धाटांचे ढीग उरले. ही धाटं जागीच पेटवून द्यायची जुनी रीत. सरकारने बंदी घातली होती, आणि ती बंदी गाव कसं पाळायचं? दुपारी पेटवायचे ते पहाटे पेटवू लागले, एवढंच. च्यूलान काडीपेटी खिशात घालून निघाली होती, तेवढ्यात धाकटी आडवी आली.

"वहिनी, तुझी धाटं मी नेऊ?"

"ने की. माझी एक काडी वाचेल."

युनश्याने तीन दिवस हातगाडीने धाटं वाहिली. गल्लीत च्यूलानने तिची भरपूर थट्टा केली. लोक शेतात खत नेतात, आमची धाकटी कचरा नेते!

त्या हिवाळ्यात कडाका पडला. च्यूलानने शेडमध्ये कोळशाच्या दोन शेगड्या लावल्या, धुराने कोवळी पानं कडेला करपली, आणि एवढं करून वेली आकसल्या त्या आकसल्याच. युनश्याने एकही शेगडी लावली नाही. तिच्या वेली छपराला टेकल्या. काकडी गावात सगळ्यांच्या आधी निघाली आणि वसंताच्या सणापर्यंत, म्हणजे आमच्या नव्या वर्षापर्यंत, निघतच राहिली. व्यापाऱ्याची गाडी च्यूलानच्या दारावरून पुढे गेली, आणि गाडीवानाने जाता जाता हात हलवला. तो हात तिच्या मनात कितीतरी दिवस हलत होता.

तिला झोंबली ती काकडी नव्हे. झोंबलं ते हे, की काकडी तिच्याच धाटांवर पिकली. जे आपण फुंकून टाकणार होतो त्यावर धाकटी मोठी झाली! भाजी चिरताना, केस विंचरताना, कुणाच्या लग्नात जेवताना, तिला मधेच धाटं आठवायची.

दुसऱ्या शरदात युनश्या पुन्हा विचारायला आली. च्यूलान म्हणाली, यंदा मला लागणार आहेत. कशाला ते धाकटीने विचारलं नाही आणि थोरलीने सांगितलं नाही.

चार दिवस भिंतीची डागडुजी करण्याच्या निमित्ताने च्यूलान वर बसून होती. नवं प्लॅस्टिक चढायचं होतं, म्हणून शेडं उघडी होती आणि खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. युनश्याने जिथे वेलींची ओळ यायची तिथे वीतभर खोल चर खणले. त्यात धाटं दाबून भरली. गव्हाच्या कोंड्यात कालवलेली कसलीशी पावडर वर भुरभुरली; ती पावडर म्हणजे धाटं कुजवणारं विरजण, तालुक्याच्या दुकानात मिळायचं. वर माती लोटली आणि भरपूर पाणी सोडलं. च्यूलानने तस्संच केलं, फक्त धाकटीपेक्षा नीट. युनश्याच्या चरांच्या दोन्ही टोकांना धाटांची बोंडकी मातीबाहेर तशीच राहिली होती. काय हा गबाळेपणा, असं म्हणत च्यूलानने आपली टोकं आत कोंबली, माती थापली, फळीने चोपली. वाफे असे गुळगुळीत झाले की नवऱ्यालासुद्धा कौतुक वाटलं. मग छप्पर चढलं, दारं लागली, आणि ज्याचं त्याचं शेड ज्याच्या त्याच्या आत गेलं.

हिवाळा लागला तशी तिची रोपं पिवळी पडू लागली. आधी खालची पानं, मग मधली. मुळाशी बोट घातलं तर माती चिकट, आणि वास सडक्या अंड्याचा. तिने पाणी वाढवलं. वास वाढला. तिला वाटलं, धाकटीने विरजण दुसरं आणलं असणार आणि दुकानदाराला सांगून ठेवलं असणार. असंही वाटलं की धाटांना कुणाची तरी नजर लागली, आणि ती कुणाची हे सांगायला नकोच. हे पीक गेलं तर सणाआधी शेड रिकामं. आणि रिकामं शेड झाकता येत नाही. रजईवरचा बर्फ झाडायला कुणी चढत नाही, म्हणजे आत काही नाही, हे अख्ख्या गावाला लांबून कळतं.

तिच्या सासऱ्यांना हे सगळं कळलं होतं. मू देश्वन त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मुलांची वाटणी झाली तेव्हापासून ते एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे राहायचे. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी अंथरुणाची वळकटी, चहाचा मग आणि आपला वाडगा घेऊन गल्ली ओलांडायची, असा शिरस्ता. त्यात त्यांनी स्वतःची एक अट घातली होती: वाडगा गल्ली ओलांडेल, बोलणं ओलांडणार नाही. कारणही तसंच घडलं होतं. एकदा थोरलीच्या घरी जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं की धाकटीच्या मुळ्याचं लोणचं कुरकुरीत झालंय. त्या एका वाक्यापायी दोघी जावा नव्या वर्षाच्या सणातसुद्धा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून म्हातारबांनी जिभेला कुलूप घातलं. इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही.

च्यूलानने पुष्कळ प्रयत्न केले. पातळ भाकरीत कांद्याची पात आणि सोयाची चटणी घालून गुंडाळी पुढे करायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, तिकडे माती कशी आहे हो, बाबा? म्हातारबा गुंडाळी खायचे आणि भाकरी छान झालीय म्हणायचे. फक्त एकदा, तिच्या शेडमध्ये ऊबेला बसले असताना, त्यांनी काठीचं टोक चोपलेल्या वाफ्यावर टेकवलं आणि म्हणाले, "इथं गुदमरतंय."

च्यूलानला तो टोमणा वाटला. ती फणकाऱ्याने म्हणाली, मग जा तिकडे मोकळ्या हवेत. म्हातारबा उठले. पुढचा महिना तसाही धाकटीचाच होता.

आमच्याकडे हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीपासून नऊ-नऊ दिवसांची नवकं मोजतात, आणि तिसऱ्या नवकात थंडी हाडांत शिरते. त्या तिसऱ्या नवकात युनश्याची आई माहेरी अंगणातल्या बर्फावर घसरून पडली. निरोप सकाळी आला. युनश्या आणि तिचा नवरा तसेच निघाले. च्यूलानचा नवरा दूरच्या बाजाराला गेलेला. म्हातारबांना मोटरचा खटका धड दिसत नव्हता. उरलं कोण?

युनश्या किल्ली घेऊन दाराशी आली. ऊन आलं की रजई वर, चारला खाली, पाणी मुळीच नको, एवढं तिने सांगितलं. किल्ली देताना तिचा हात एक क्षण अडला. च्यूलानने ते पाहिलं आणि किल्ली जरा जोरातच ओढून घेतली.

रजई वर करून ती आत शिरली तेव्हा ऊब थेट तोंडावर आली. शेगडीची नव्हे, झाडांखाली पानं कुजतात तिथल्यासारखी, दमट आणि गोडसर. वेली तिच्या डोक्याच्या वर गेलेल्या. पानं तळहाताहून मोठी, आणि काकड्या अशा लगटून लोंबत होत्या की तिला बघवेना. ती वाफ्याशी वाकली. मातीवर काळं प्लॅस्टिक अंथरलं होतं. तिने कड उचलली.

खाली भोकं होती.

बोटभर रुंद, प्रत्येक रोपाच्या दोन्ही बाजूंना, वीत-वीत अंतरावर, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने एका भोकावर तळहात धरला. आतून कोमट वाफ येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. भिंतीला एक लोखंडी सळई टेकून ठेवली होती. टोकाला माती वाळलेली, वरच्या बाजूला हात रुतू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली.

तिला सगळं एका क्षणात उमगलं. मातीखालच्या धाटांना हवा लागते. हवा नसेल तर ती कुजत नाहीत, सडतात. बाहेर राहिलेली बोंडकी गबाळेपणाची नव्हती. आणि आपण फळीने चोपून, टोकं कोंबून, आपल्या हाताने आपल्या रोपांचं नाक दाबलं.

सळई उचलायची आणि आपल्या शेडकडे धावत सुटायचं, एवढंच करायचं होतं. पंधरा पावलांवर दार होतं. पण वाचकहो, हेवा असा सरळ वाटेने जात नाही. आपलं सावरण्याआधी दुसऱ्याचं मोडून बघावं, अशी त्याची तऱ्हा. च्यूलानच्या डोळ्यांसमोर रोपं आली नाहीत. तिला दिसली रजई खाली सोडून, दार लावून, गुपचूप भोकं पाडणारी धाकटी. आणि रोज भिंतीवर बसून काहीच न दिसलेली, मूर्ख ठरलेली आपण.

तिने टाच उचलली आणि एका भोकावर दाबली. माती मऊ होती. भोक बुजलं. मग दुसरं. मग तिसरं. पूर्ण एक ओळ झाली, दुसरी निम्मी झाली. प्लॅस्टिक वरून पुन्हा सारखं करायला ती विसरली नाही. तिचा नीटनेटकेपणा इथेही कामाला आला.

"तिसऱ्या ओळीत पाय जपून टाक, तिथं पाण्याची नळी आहे."

दाराशी म्हातारबा उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते ओरडले नाहीत. काठी टेकत आले, पाटी उलटी करून तिच्यावर बसले आणि दम खाऊ लागले. च्यूलानचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. चूक पकडली गेलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं. ती उलट अंगावर गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं. महिनाभर माझ्या हातचं जेवलात, माझी रोपं मरताना बघितलीत, आणि तोंड उघडलं नाहीत."

"हो," म्हातारबा म्हणाले. "ती चूक माझी. भांडण नको म्हणून गप्प राहिलो. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, धाटं माझी होती. माझ्याच धाटांवर ती वर आली. म्हातारबांनी मान हलवली. धाटं तुझी, हे खरं. पण तू त्यांचं काय करणार होतीस, असं त्यांनी विचारलं. पेटवूनच देणार होतीस ना, असंही तेच म्हणाले. सगळं गाव पहाटे पेटवायचं तो एक शरद तिला आठवतो का? धूर असा बसला होता की म्हातारबांना अंगणातून स्वतःचं दार सापडेना. भिंत चाचपत चाचपत ते घरात आले होते. धाकटीचं पोर तेव्हा तीन महिन्यांचं, ते आठवडाभर खोकत होतं. आणि थोरलीची मुलगी? तीही खोकतच होती की!

"वाटणीच्या कागदावर भांडी लिहिली, झाडं लिहिली, विहीर लिहिली," म्हातारबा म्हणाले. "हवा लिहिली नाही. ती कुणाच्या वाट्याला देणार? तुझ्या शेतातला धूर तिच्या घरात जातो आणि तिच्या शेतातला तुझ्या."

मग धाकटीकडे ऐकलेलं जे त्यांनी तिला सांगितलं, ते सांगायला त्यांना दोन हिवाळे उशीर झाला होता. बंद शेडमध्ये झाडं सकाळी उजेड पडला की हवेतला कर्बवायू पिऊ लागतात. तेच त्यांचं जेवण. नऊ-दहा वाजेपर्यंत आतला सगळा संपतो, आणि मग दिवसभर ऊन असूनही झाडं उपाशी. झरोके उघडावेत तर ऊब जाते. लावावेत तर भूक राहते. कोळसा जाळून ऊब आणावी तर धूर होतो, आणि तो कोळसा खाणीतला, परत कधी उगवायचा नाही. धाट मात्र दर वर्षी उगवतं. मक्याने उन्हाळाभर जो कर्बवायू हवेतून ओढून घेतला, तोच त्या धाटात बसलेला असतो. पेटवलं तर दोन तासांत सगळा आभाळात परत. पुरलं, आणि त्याला श्वास घ्यायला भोकं ठेवली, तर ते हळूहळू कुजतं, मुळांना ऊब देतं, आणि तोच वायू भोकांतून वर येऊन पानांच्या पोटात जातो. जे धूर होणार होतं त्याची काकडी होते.

"हे एवढं साधं," च्यूलान पुटपुटली.

"साधंच. म्हणून तर लपवायला सोपं गेलं."

मग भिंतीची सळई तिने उचलली आणि बुजवलेल्या ओळीत गुडघ्यांवर बसली. म्हातारबा पाटीवरून सांगत राहिले. नुसती मातीत नको घालू, धाटं लागतील, त्यांच्याही पार जाऊ दे. रोपाच्या अगदी गळ्याशी नको, चार बोटं सोड. पाणी दिलं की भोकं बुजतात, दर वेळी पुन्हा पाडायची, आणि नाही दिलं तरी महिन्यातून एकदा पाडायचीच. एकेका भोकासरशी मातीतून ऊब तिच्या मनगटावर येत होती. दीड ओळ पूर्ण व्हायला दुपार झाली. तिचे गुडघे भरून आले आणि डोळेही. त्यातलं एकच म्हातारबांनी पाहिल्यासारखं केलं आणि गुडघ्यांना तेल लाव म्हणून सांगितलं.

युनश्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. आईचं हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार होता. शेडमध्ये आली तर वहिनी गुडघ्यांवर बसून एकेक भोक तपासतेय, हातात सळई, बुटांवर माती. युनश्याचे डोळे भरून आले. ती म्हणू लागली की मी रस्ताभर उगीच नाही नाही ते मनात आणत होते आणि तू मात्र माझ्या रोपांची एवढी—

इथे गप्प बसणं किती सोपं होतं! म्हातारबा काही बोलणार नव्हते. धाकटीने आपणहून चांगुलपणाचा हार गळ्यात घातला होता, नुसती मान वाकवायची बाकी होती. च्यूलानला तो हार हवासा वाटला, हे खोटं कशाला सांगू? पण सळई हातात होती, आणि हाताला अजून माती होती.

"काल मी तुझी दीड ओळ बुजवली," ती म्हणाली. "टाचेने. मग बाबा आले. आले नसते तर सगळ्या बुजवल्या असत्या."

युनश्याचा चेहरा उतरला. ती ओळीच्या टोकाला गेली, प्लॅस्टिकची कड उचलून तिने खाली पाहिलं, पुन्हा ठेवली.

"मी रजई खाली सोडूनच पाडायचे भोकं," ती वळून न बघता म्हणाली. "तुला दिसू नयेत म्हणून. तू टोकं आत कोंबलीस तेही मी पाहिलं होतं. दोनदा तुझ्या दारापर्यंत आले सांगायला. मग आठवायचं, लग्न होऊन आले त्या वर्षी भोपळ्याच्या रोपावर काकडीचं कलम कसं बांधायचं ते मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, ते हाताला यावं लागतं. बियाणं कुठलं तेसुद्धा सांगितलं नाहीस. माझी अख्खी पहिली लावणी मेली, वहिनी. मग मी परत फिरायचे."

च्यूलानला ते वाक्य आठवत नव्हतं. धाकटीला ते तेरा वर्षं आठवत होतं. आपण सहज बोलून गेलेलं दुसऱ्याच्या घरात किती वर्षं राहतं, याचा हिशोब तिने त्या दुपारी पहिल्यांदा केला.

"काळ्या बीचा भोपळा," ती म्हणाली. "आणि काकडी आधी पेरायची, चार दिवस आधी. म्हणजे दोन्हींची खोडं सारखी होतात."

"आता माहीत आहे मला."

"माहीत असू दे. मी सांगायचं राहिलं होतं."

दोघी सळई घेऊन च्यूलानच्या शेडमध्ये गेल्या. पहिल्याच भोकातून असा वास आला की दोघींनी नाकं दाबली, आणि युनश्या म्हणाली, वहिनी, जमिनीवर बसून जेवायचं ते हेच का शेड? च्यूलानने तिला सळईचं टोक दाखवलं. दोन दिवस त्या ओळीत ओळ करत सरकल्या. टोकं उकरून धाटांची बोंडकी बाहेर काढली. पाणी बंद केलं, आणि ऊन चांगलं तापलं की झरोके थोडा वेळ उघडे ठेवले. एवढं करूनही चौदातल्या पाच ओळी गेल्या. त्यांची मुळं आधीच काळी पडली होती आणि मत्सराने सडलेलं मूळ पश्चात्तापाने हिरवं होत नाही. नऊ ओळी वाचल्या. सणाला च्यूलानच्या दाराशी सात पाट्या भरल्या. युनश्याच्या त्याहून कितीतरी जास्त होत्या, आणि ते मोजल्याशिवाय च्यूलानला राहवलं नाही, हेही सांगून टाकते.

पुढच्या शरदात लिऊथायच्या शिवारात पहाटे धूर दिसला नाही. निदान ज्या घरांपर्यंत च्यूलान पोचली त्या घरांच्या शेतांत नाही, आणि ती बहुतेक घरांपर्यंत पोचली. लोक कंटाळले. ज्याच्या त्याच्या शेडमध्ये शिरून ती वाफ्यावर हात ठेवायची आणि विचारायची, भोकं कुठायत? म्हातारबांनी आपली अट मोडली ती कायमची. आता ते दोन्ही घरांत दोन्हीकडचं बोलतात, जरा जास्तच बोलतात, आणि लोणच्यावरून मधेमधे खटका उडतोच.

च्यूलानचा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. यंदा धाकटीच्या वेलीला आधी फूल आलं तेव्हा तिच्या पोटात दुखलंच. पण दुखत्या पोटानेच ती धाकटीकडे गेली आणि हे कसं केलंस असं तिने विचारलं. धाकटीने सांगितलं. दोघींना थोडा त्रास झाला, एकीला विचारताना आणि दुसरीला सांगताना.

तेव्हा मंडळी, हेवा वाटू नये असं कुणाला सांगून उपयोग नाही, तो वाटतोच. त्याचं पुढे काय करायचं, एवढंच आपल्या हातात असतं. दुसऱ्याचं चांगलं चाललेलं दिसलं तर ते बुजवायला जाऊ नका, विचारायला जा. आपल्याला एखादी गोष्ट उमगली असेल तर कुणी विचारायची वाट न बघता ती सांगून टाका. आणि शेतातली धाटं, पाचट, काडीकचरा, जे काय असेल ते, पेटवू नका. त्या धुराला बांध कळत नाही. तेच मातीत घाला, आणि घातल्यावर त्याला श्वास घेता येईल एवढी जागा ठेवा.